औषधनिर्माणशास्त्रातील प्रात्यक्षिकांची पुनर्रचना

प्रस्तावना : पुणे परिसराला औषधनिर्मितीची परंपरा आहे. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन झाली; १९८१ मध्ये भारती विद्यापीठाचे पूना कॉलेज ऑफ फार्मसी सुरू झाले. उद्योग जवळ असला तरी त्याला लागणारी निर्णयक्षमता प्रयोगशाळेतच घडवावी लागते. प्रस्तुत लेखात त्या दृष्टीने एका प्रात्यक्षिकाचा विचार केला आहे.

सद्यःस्थिती : फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०१४ च्या विनियमांवर आधारित बी.फार्म. अभ्यासक्रमात फार्माकॉलॉजीतील प्राण्यांवरील प्रयोग सॉफ्टवेअर व चित्रफितींद्वारे दाखविणे अपेक्षित आहे. त्यामुळे स्वहस्ते शिकण्याचा भार औषधनिर्मिती व रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांवर अधिक पडतो. मात्र कृती व निष्कर्ष दोन्ही आधीच ठाऊक असल्यास जर्नल जुन्या जर्नलवरून उतरविता येते आणि बिघडलेली गोळी विचाराविना टाकून दिली जाते.

पुनर्रचनेचा नमुना : पाचव्या सत्रातील पॅरासिटामॉलच्या गोळ्यांचे प्रात्यक्षिक घेऊ. एका तुकडीचे चार गट करावेत. प्रत्येक गटाने स्टार्च पेस्ट या बाइंडरचे प्रमाण वेगळे घ्यावे. इतर घटक व दाब समान ठेवावेत. गोळी किती कठीण होईल व किती वेळात विरघटेल, याचा अंदाज आधी लिहून घ्यावा. पहिल्या ४ तासांत ग्रॅन्युल्स तयार करून वाळवावेत. पुढील आठवड्यात गोळ्या दाबून त्यांच्या चाचण्या घ्याव्यात. फ्रायेबिलिटी चाचणीत १०० फेऱ्यांनंतर वजनातील घट १ टक्क्याहून अधिक नसावी, तर आवरणरहित गोळीचे विघटन १५ मिनिटांत व्हावे. बाइंडर वाढविल्यास सामान्यतः झीज कमी होते, परंतु विघटनास विलंब लागतो. चारही गटांचे निष्कर्ष एका तक्त्यात मांडल्यावर हा परस्परविरोध विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दिसतो. अपयशी गोळी येथे टाकाऊ न ठरता पुरावा ठरते.

मूल्यमापन : अंतर्गत मूल्यमापनातील सातत्यपूर्ण ५ गुणांपैकी २ उपस्थितीसाठी व ३ जर्नल, मौखिक परीक्षा इत्यादींसाठी असतात. हे ३ गुण सुबक अक्षराऐवजी आधीचा अंदाज, प्रामाणिक नोंद आणि फरकाची कारणमीमांसा यांना द्यावेत.

समारोप : या बदलास नवे यंत्र किंवा अभ्यासक्रमदुरुस्ती लागत नाही, अध्यापकाची पूर्वतयारी मात्र वाढते. उद्या औषधाच्या गुणवत्तेची जबाबदारी ज्यांच्यावर येणार, त्यांना सदोष गोळीचे कारण शोधता आले पाहिजे. त्यासाठी हे श्रम आवश्यक आहेत.