फोनचे थकलेले बिल आणि वसुलीची धमकी

बाग, कुक्षी, मनावर या भागातील पुष्कळ घरांची कर्ती माणसे वर्षाचे काही महिने मजुरीसाठी गुजरातेत असतात. घर आणि कामाचे ठिकाण यांना जोडणारा दुवा म्हणजे खिशातला फोन. त्याच फोनपायी एखाद्या दिवशी दारी एक लखोटा येतो. आत इंग्रजी मजकूर, माथ्यावर दूरच्या शहरातील वकिलाचे नाव, मध्ये एक मोठा आकडा आणि शेवटी सात दिवसांची मुदत. पाठोपाठ फोन खणखणू लागतो: पैसे भरा, नाही तर पोलीस येतील, घरावर जप्ती येईल. भेदरलेली माउली अंगावरची चांदी काढून सावकाराचे दार ठोठावते. देणे खरे की खोटे, हे पाहण्यापूर्वीच दुसरे, व्याजाचे देणे घरात शिरते. हे टळावे, एवढ्याचसाठी आजचा हा लेखप्रपंच.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करू. जे देणे खरोखर लागते ते फेडणे हे आपले कर्तव्य आहे. सातवी आज्ञा धनको आणि ऋणको असा भेद करीत नाही. परंतु तीच आज्ञा, जे आपण देणे लागत नाही ते आपल्याकडून कोणी उकळू नये, असेही सांगते. म्हणून खऱ्या देण्यापासून पळू नये, आणि खोट्या देण्यापुढे मानही तुकवू नये.

आता हा वसुली करणारा कोण, ते पाहू. बिल बरेच दिवस थकले म्हणजे कंपनी ते काम वसुली संस्थेकडे सोपविते. जेवढे वसूल होईल त्यातील वाटा सामान्यतः या संस्थेला मिळतो. साहजिकच बिल बरोबर की चूक, याची चौकशी करण्यात तिला गोडी नसते. तिला न्यायालयाचा कसलाही अधिकार नाही. फोनचे बिल थकणे हा गुन्हा नव्हे, तो दिवाणी व्यवहार आहे. तेवढ्यावरून पोलीस कोणाला अटक करीत नाहीत. जप्ती येते ती न्यायालयाच्या हुकुमाने, फोनवरच्या आवाजाने नव्हे. उलट, कोणी इजा करण्याची अथवा अब्रू घेण्याची धमकी देऊन पैसे मागू लागला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 351 खाली तोच गुन्हेगार ठरू शकतो. तसेच, सज्ञान मुलाच्या बिलासाठी बापाला जबाबदार धरता येत नाही. आणि मृताच्या देण्याबद्दल वारसांची जबाबदारी त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतीच असते.

मग करावे काय? पहिली गोष्ट, फोनवर काहीही कबूल करू नये. बोलणाऱ्याचे नाव, संस्थेचे नाव, दिवस आणि वेळ वहीत टिपून ठेवावी. दुसरी गोष्ट, हिशेब लेखी मागावा: क्रमांक कोणता, कोणत्या महिन्यांचे बिल, अर्ज कोणी केला, कागदपत्रे कोणती. आधी पैसे भरून वापरावयाच्या प्रीपेड फोनचे असे मासिक बिल निघतच नाही. ज्याच्या घरी तसाच फोन आहे त्याच्या नावे बिल आले, तर आपल्या ओळखपत्राची नक्कल वापरून दुसऱ्याच कोणी जोडणी घेतली असण्याचा संभव असतो. आपल्या नावावर किती जोडण्या आहेत हे केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ या सोयीवर 2023 पासून पाहता येते आणि आपली नसलेली जोडणी तेथेच कळविता येते.

तिसरी गोष्ट, देणे अमान्य असल्यास तसे कंपनीच्या तक्रार केंद्राला कळवून तक्रारीचा क्रमांक घ्यावा. निर्णय पटला नाही, तर दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2012 च्या नियमांनुसार त्याच कंपनीतील अपील अधिकाऱ्याकडे 30 दिवसांच्या आत दाद मागावी. त्याला शुल्क नाही, आणि 39 दिवसांत निर्णय द्यावा लागतो. पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पावती आणि नक्कल जपून ठेवावी.

सहीविषयी विशेष जपावे. बागच्या कापडावर एकदा उठलेला आणि पक्का झालेला ठसा धुतल्याने जात नाही. कागदावरच्या आपल्या अंगठ्याचेही तसेच आहे. थकलेल्या पैशासाठी दावा लावण्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची असते. त्या मुदतीत देणे लेखी मान्य केले तर ती नव्याने सुरू होते, आणि मुदत संपल्यावरही सही करून दिलेले फेडीचे वचन बंधनकारक ठरू शकते. म्हणून ‘तूर्त थोडे भरा आणि येथे सही करा’ या गोड बोलण्याला भुलू नये.

एवढ्यानेही भागले नाही तर ग्राहक आयोगाचे दार आहे. अहमदाबादच्या एका ग्राहकाचे उदाहरण बोलके आहे. त्याचे मासिक बिल सरासरी 555 रुपयांच्या घरात असे. 2013 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ते एकदम 24,609 रुपये आले. तो ग्राहक मंचाकडे गेला. परंतु 1885 च्या तार कायद्यामुळे आणि 2009 च्या एका निकालामुळे फोनच्या तक्रारी मंचापुढे चालत नाहीत, असे सांगून त्याला परत पाठविण्यात आले. तो नेटाने वरवर जात राहिला. अखेर 16 फेब्रुवारी 2022 रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने व्होडाफोन आयडिया कंपनीचे अपील फेटाळले आणि फोनचा ग्राहकही ग्राहक आयोगाकडे दाद मागू शकतो, असा निर्वाळा दिला. एका माणसाच्या चिकाटीने देशभरच्या ग्राहकांचा मार्ग मोकळा झाला.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगापुढे तक्रार करता येते. तेव्हा बागच्या माणसाला दिल्ली-मुंबई गाठण्याचे कारण नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी. वकील सक्तीचा नाही, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. 1915 या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राचा सल्ला मिळतो.

लोक अदालतीची नोटीस आली तर भिऊ नये, आणि ती फेकूनही देऊ नये. ते समन्स-वॉरंट नव्हे, तडजोडीचे बोलावणे आहे. तेथे दोन्ही पक्षांच्या संमतीनेच निकाल होतो. पण झालेल्या निकालावर अपील नाही, म्हणून आकडा नीट समजून घेतल्यावरच होकार द्यावा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न कितीही असले तरी 1987 च्या कायद्याने सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी धारच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा, अथवा 15100 हा क्रमांक फिरवावा.

वाचकहो, घरात लिहिता-वाचता येणारा एखादा मुलगा वा मुलगी असेल, तर शेजारच्या निरक्षर काकींचा लखोटा त्यांनी वाचून द्यावा आणि उत्तराचे पत्र लिहून द्यावे. पोस्टाच्या थोड्या रुपयांनी एखाद्या घरची चांदी सावकाराच्या पेटीत जाण्यावाचून राहील.