वाघ, मोहफुलं आणि पांढरा चेंडू

गोल्फच्या नियमपुस्तकातल्या सोळाव्या नियमात धोकादायक प्राण्यांसाठी वेगळी तरतूद आहे. विषारी साप, डंख मारणाऱ्या मधमाश्या, मगरी, आगमुंग्या, अस्वलं अशी उदाहरणंही दिली आहेत. वाघाचं नाव त्यात नाही. पुस्तक लिहिणारे ताडोब्याकडे फिरकले नसावेत. पण यादी उदाहरणादाखल आहे, त्यामुळे चंद्रपूरकराने तिच्यात वाघ खुशाल जोडावा.

तरतूद अशी: चेंडू जिथे पडला तिथून मारताना गंभीर इजा होण्याचा धोका असेल, तर दंड न भरता चेंडू दुसरीकडे न्यायचा. जिथे धोका उरत नाही अशी सर्वात जवळची जागा शोधायची. ती होलच्या (चेंडू शेवटी जिथे घालायचा त्या खड्ड्याच्या) अधिक जवळ नको. तिथून एका क्लबच्या (म्हणजे गोल्फच्या काठीच्या) लांबीच्या आत, गुडघ्याच्या उंचीवरून चेंडू सोडायचा. साप असेल तर हे दहा पावलांत आटोपतं. वाघ असेल तर ‘धोका उरत नाही अशी जागा’ बहुधा गाडीच्या आत निघेल. आग्या मोहोळ उठलं तर तीही पुरायची नाही.

गंमत अशी की ही सवलत प्राण्यांपुरतीच आहे. चेंडू खाजकुयलीच्या वेलाखाली गेला तर नियम हात वर करतो. अंगाला खाज सुटेल म्हणून फुकट सुटका नाही. ‘खेळण्याजोगा नाही’ असं सांगून एका फटक्याचा दंड घ्यायचा नि चेंडू बाजूला न्यायचा.

गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ, अशी आपली समजूत. खर्चाच्या बाबतीत ती खोटी नाही. पण नियम वाचताना जाणवतं की ते उघड्या रानातल्या भानगडींसाठीच केलेत, आणि गडचिरोलीच्या माणसाला ते शहरी माणसापेक्षा लवकर कळतील. पहिले ज्ञात लेखी नियम 1744 चे, स्कॉटलंडमधल्या लीथचे. एकूण तेरा. 2019 साली मोठी फेरमांडणी झाली आणि 34 नियमांचे 24 झाले. मूळ सूत्र मात्र जुनंच: चेंडू जसा पडला तसा मारा, मैदान जसं मिळालं तसं खेळा.

खेळ सांगायला सोपा. साधारण अठरा होल. प्रत्येकाची सुरुवात ‘टी’वरून, शेवट ‘ग्रीन’ या कापलेल्या हिरवळीवरच्या 108 मिलिमीटर व्यासाच्या खड्ड्यात. सगळ्यात कमी फटक्यांत जो पोचेल तो जिंकला. चांगल्या खेळाडूला जितके फटके लागावेत तो त्या होलचा ‘पार’: तीन, चार किंवा पाच. एक कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी. पिशवीत क्लब चौदापेक्षा जास्त नकोत. दुसऱ्याचा चेंडू मारलात तर दोन फटक्यांचा दंड, म्हणून आपल्या चेंडूवर पेनाने खूण करून ठेवावी.

आता एप्रिलातलं सागाचं रान डोळ्यासमोर आणा. चेंडू सुपाएवढ्या वाळक्या पानाखाली गेलाय, भोवती मोहफुलांचा सडा आणि शेजारी रानडुकराची विष्ठा. गळलेलं पान, फूल, सुटा दगड, विष्ठा हे सगळं ‘सुटं’ मानतात, ते बाजूला सारता येतं. झाडाला लागलेली फांदी मोडता येत नाही. पान उचलताना चेंडू हलला तर एक फटका दंड, आणि चेंडू मूळ जागी परत. ग्रीनवर हलला तर दंड नाही. थांबलेला चेंडू माकडाने पळवला तरी दंड नाही, होता तिथे ठेवायचा. सायाळीने खणलेल्या बिळात गेला तर फुकट सुटका. पावसाचं डबकं साचलं असेल तरी तेच. पण मामा तलावासारख्या कायमच्या पाण्यात गेला तर जमेल तसा मारा, नाहीतर एक फटका सोसा. चेंडू शोधायला तीन मिनिटं. मैदानाची हद्द दाखवणाऱ्या पांढऱ्या खुंटांपलीकडे गेला किंवा सापडलाच नाही, तर एक फटका दंड आणि पुन्हा मागच्याच जागेवरून. नवख्याला सगळ्यात जास्त रडवतो तो हाच नियम.

खरोखर रानात खेळतात का? दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात स्कुकुझा इथे 1972 पासून नऊ होलचं मैदान आहे आणि त्याला कुंपण नाही. पाणघोडे, रानडुकरं, हरणं तिथे हक्काने फिरतात.

एरवीच्या खेळात पंच बरोबर नसतो, दंड आपला आपणच सांगायचा. 1925 च्या अमेरिकन ओपनमध्ये बॉबी जोन्सने, दुसऱ्या कुणी न पाहिलेला चेंडूचा हलका हेलकावा स्वतः कळवला, दंड घेतला आणि शेवटी प्लेऑफमध्ये हरला. या खेळात आपल्याकडचं एक नाव पुण्याच्या उदयन मानेचं. अर्जेंटिनाच्या एका खेळाडूने माघार घेतल्यावर त्याला टोकियो ऑलिंपिकचं दार उघडलं. त्याच ऑलिंपिकमध्ये महिलांच्या गोल्फमध्ये आदिती अशोक चौथी आली, तेव्हा पहाटे उठून गोल्फ बघणारे भारतीय पहिल्यांदाच दिसले.

उन्हाचं काय? नुसत्या तापलेल्या उन्हाला नियम दाद देत नाही, आयोजकांनी खेळ थांबवला तरच सुटका. वीज कडकडू लागली तर मात्र खेळाडूला स्वतःहून थांबता येतं. मृगाच्या तोंडावर हे ध्यानात असू द्या. अगदी नवख्याने ‘कमाल फटके’ हा प्रकार निवडावा. त्यात प्रत्येक होलला ठरावीक मर्यादा असते, समजा पारच्या दुप्पट. तेवढे फटके झाले की चेंडू उचलायचा आणि मुकाट्याने पुढच्या टीकडे निघायचं. मागचे लोक ताटकळत नाहीत.