माय फादर इज ग्रेप्स

टोकियोला येऊन मला आता नऊ वर्षं होत आली. नोकरी सॉफ्टवेअरची आणि घर निशी-कासाईला. वायटूकेच्या कामासाठी २००० सालाच्या आगेमागे बरेच भारतीय इंजिनिअर इथे आले. ऑफिसं तोझाई लाइनवर, म्हणून घरंही तिथेच घेतली आणि हळूहळू वस्ती झाली. आज सकाळच्या गर्दीच्या गाडीत मराठी कानावर पडलं तरी कुणी वळून बघत नाही.

माझा इथला आणखी एक उद्योग म्हणजे दर शनिवारी सकाळी दहा ते बारा मी इंग्रजी शिकवतो. मी मास्तर नाही, कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. आमच्या बिल्डिंगमधल्या एका आजींनी 'तुम्ही ऑफिसात इंग्रजी बोलता, आम्हालाही शिकवा' म्हणून गळ घातली आणि वॉर्डाच्या कम्युनिटी हॉलमधल्या छोट्याशा खोलीत वर्ग सुरू झाला. फी नाही. विद्यार्थी सात, सगळे पासष्ठ ते ऐंशी वयाचे.

या मंडळींना इंग्रजी येत नाही असं नाही. शाळेत सहा-सहा वर्षं शिकलेत. व्याकरण माझ्यापेक्षा पक्कं. पण बोलायची वेळ आली की सगळे वहीत बघतात. वाक्य मनात शंभर टक्के बरोबर जुळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, आणि ते जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. त्यातले एक आजोबा तर आठ महिन्यांत 'गुड मॉर्निंग' आणि 'थँक यू' यापलीकडे गेले नव्हते.

मला त्यांचं नवल वाटायचं नाही. माझी एबीसीडी पाचवीत सुरू झाली. मराठी माध्यमातून इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलाला हे वहीत बघणं चांगलं माहीत असतं.

गेल्या सप्टेंबरात माझा कॉलेजातला मित्र पंधरा दिवसांसाठी आमच्याकडे आला. ओळखीच्या माणसाला बोलवायचं म्हणजे इथून आमंत्रणपत्र पाठवावं लागतं, कुठल्या दिवशी कुठे जाणार त्याचा तक्ता द्यावा लागतो आणि तुमची खरंच ओळख आहे याचा पुरावाही जोडावा लागतो. पुरावा म्हणून मी जुना फोटो शोधला. २००६ सालचा, पुण्यातल्या हॉस्टेलच्या जिन्यावरचा. आम्ही दोघं, एकमेकांच्या खांद्यावर हात. फोटो स्कॅन करताना थोडा वेळ हात थांबला, कारण त्या फोटोनंतर दोनच आठवड्यांनी जे झालं ते मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

पहिल्या वर्षाला 'कम्युनिकेशन स्किल्स' नावाचा विषय होता. प्रत्येकाने पुढे येऊन इंग्रजीत ओळख करून द्यायची. हा तासगाव तालुक्यातला, घरची द्राक्षबाग. उभा राहिला, घामाघूम झाला आणि म्हणाला, "माय फादर इज ग्रेप्स." वर्ग फुटला. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. माझी पाळी त्याच्यानंतर होती आणि माझी अवस्था त्याच्याहून वेगळी नव्हती. पण मी हसतोय म्हणजे मी त्यातला नाही, असं सगळ्यांना वाटावं एवढीच धडपड. पुढे वर्षभर त्याला सगळे 'ग्रेप्स' म्हणत. मीही. वर्ष संपलं, त्याचे विषय राहिले आणि तो गावी निघून गेला. पुढे फोनवर संबंध राहिला, दिवाळीला बेदाण्याचा डबा यायचा. त्या विषयावर मात्र आम्ही कधी बोललो नाही.

ऑक्टोबर छाटणी सुरू व्हायच्या आत परत जायचं, या अटीवर तो आला. पहिल्या दोन दिवसांत मंदिरं झाली, शिबुयाचा चौक झाला. मग तिसऱ्या दिवशी एका मोठ्या दुकानात तो फळांच्या विभागासमोर जो थांबला तो हलेना. शाइन मस्कटचा एक घड, खोक्यात, रेशमी कागदावर ठेवलेला. किंमत येनमध्ये बघून मनात रुपये केले आणि म्हणाला, "गड्या, एवढ्यात आमच्याकडं पेट्याच्या पेट्या येतील की."

शनिवार आला. वर्ग बुडवणं जिवावर आलं होतं आणि पाहुण्याला घरात एकटं ठेवणंही बरं दिसेना. म्हटलं, चल माझ्याबरोबर, मागे बस. तो लगेच म्हणाला, "मला बोलायला लावू नकोस हां." मी 'नाही' म्हणालो. पण आजी मंडळी थोडीच ऐकणार? पाहुणा आला म्हटल्यावर ओळख ही झालीच पाहिजे.

तो उठला. माझ्याकडे एकदा बघितलं. आणि अगदी सावकाश म्हणाला, "आय फ्रॉम इंडिया. आय... माय फादर इज ग्रेप्स. मी ऑल्सो ग्रेप्स."

माझ्या पोटात गोळा आला. कुणीच हसलं नाही. उलट ते न बोलणारे आजोबा खुर्चीत ताठ झाले. "ग्रेप्स? यू ग्रेप्स?" आणि मग जपानीत सगळ्यांना म्हणाले, "चिचि वा बुदोओ देस!" सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्याचा शब्दशः अर्थ 'वडील द्राक्ष आहेत' असाच होतो. जपानीत हे चालतं. हॉटेलात ऑर्डर देताना 'मी उनागी आहे' म्हणजे 'मी ईल मासा आहे' असं खुशाल म्हणतात. अर्थ एवढाच की माझ्यासाठी ईल आणा. बोलण्याचा विषय आधी सांगायचा, मग त्याच्याबद्दल जे सांगायचं ते. बाकीचं समोरचा समजून घेतो. मग माझ्या लक्षात आलं, की तासगावच्या पारावर तरी वेगळं काय बोलतात? 'त्यांचा ऊस, आमचं द्राक्ष.' तो कॉलेजात आपलीच बोली इंग्रजीत बोलला होता.

आजोबांचं आजोळ यामानाशीचं, जपानचा द्राक्षांचा मुलूख. लहानपणी सुट्टीत मामांच्या बागेत राबलेले. ते फळ्यापाशी गेले, मांडव काढला, घड काढला, त्याखाली कप काढला. "जिबे! टू टाइम!" मित्र ओरडला, "जीए! जीए डिपिंग! वुई ऑल्सो!" घड संजीवकाच्या द्रावणात बुडवायचा, म्हणजे मणी फुगतात. तासगावात त्याला जीए म्हणतात, इथले शेतकरी जिबे म्हणतात. औषध एकच, जिबरेलिन. भाताची रोपं वेड्यासारखी उंच वाढवणाऱ्या बुरशीचा अभ्यास करताना १९२६ साली कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाला त्याचा माग लागला आणि १९३५ साली याबुता यांनी त्याला हे नाव दिलं. मी हे मोबाइलवर वाचून दाखवलं तेव्हा मित्र म्हणाला, "म्हणजे मी दर वर्षी तुमचंच औषध वापरतोय!" ते मी इंग्रजीत सांगितलं तर आजोबांनी त्याला वाकून नमस्कार केला.

पुढचा दीड तास मी फक्त बसून होतो. पाऊस, भुरी, मजुरी, मुलं शेती करायला तयार नाहीत, असे सगळे विषय झाले. क्रियापदं कुठेही, काळ कुठलाही. पण प्रत्येक वाक्य पोचत होतं. आठ महिने न बोललेले आजोबा सलग बोलत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच आम्हाला कात्सुनुमाला नेलं. स्टेशनच्या नावातच 'द्राक्षांचं गाव' आहे. मांडवाखाली उभा राहून मित्राने वर बघितलं, घडांवर घातलेल्या कागदी टोप्या हाताने चाचपल्या आणि बराच वेळ काही बोलला नाही.

परतीच्या गाडीत आजोबांना डुलकी लागली. मी धीर केला. म्हटलं, "त्या दिवशी वर्गात मी हसलो होतो. तू त्यामुळे कॉलेज सोडलंस का?"

तो खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "छे रे. आण्णांचं ऑपरेशन होतं, बागेत माणूस नव्हतं. कॉलेज तसंही सुटलंच असतं." मग जरा थांबून, "पण हसलास ते लक्षात आहे. बाकीचे हसले त्याचं काही वाटलं नाही."

मी 'सॉरी' म्हणालो. आमच्यात हा शब्द वापरायची पद्धत नाही. तो म्हणाला, "असू दे. काल वर्गात मुद्दामच म्हटलं तेच वाक्य. तुझं तोंड बघायचं होतं." आणि खो खो हसला. मी पण हसलो, पण मला ते सोपं गेलं नाही.

तो परत गेला, छाटणी वेळेत झाली. वर्गात आता मी एक नियम केला आहे. बोलणाऱ्याचं वाक्य संपेपर्यंत चूक दाखवायची नाही. आणि अर्थ पोचला असेल तर आधी उत्तर द्यायचं, दुरुस्ती नंतर. आजोबा दर शनिवारी पहिला प्रश्न तासगावचाच विचारतात. गेल्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "युवर फ्रेंड, रेन ओके?"

मी लगेच फोन लावला आणि फोन त्यांच्याच हातात दिला.