उसापाठोपाठ आफ्रिकेत गेलेली घरं

माळशिरस तालुक्यातला ऊस गाव सोडून आलेल्या माणसांनी उभा केला. नीरा उजव्या कालव्याचं पाणी इथल्या माळरानावर फिरलं, तेव्हा पुरंदर तालुक्यातल्या सासवडचे माळी बागायतदार बायकापोरांसह इकडं आले. त्यांनी इथं जमिनी कसल्या आणि १९३२ साली दि सासवड माळी शुगर फॅक्टरी स्थापन केली. शेतकऱ्यांच्या स्वतःच्या मालकीचा हा कारखाना जिथं उभा राहिला, ते आजचं माळीनगर. श्रीपूरला चंद्रशेखर आगाशे यांच्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना आला. सहकाराच्या काळात अकलूजला शंकरराव मोहिते-पाटलांनी कारखाना उभारला, सदाशिवनगरलाही एक झाला. एकाच तालुक्यात इतके कारखाने असले की पोरांच्या कानाला भोंग्याची सवय होते, आणि घरोघरी कुणीतरी पॅनमन, फिटर, बॉयलर अटेंडंट, केमिस्ट नाहीतर शेती अधिकारी निघतो.

या हुन्नराला आफ्रिकेत मागणी आहे. युगांडात नानजी कालिदास मेहतांनी लुगाझीला १९२०च्या दशकात साखर कारखाना काढला, मुळजीभाई माधवानींनी १९३०मध्ये जिंजाजवळ काकिराला. पुढं केनियात मुहोरोनी, चेमेलिल, मुमियास, टांझानियात किलोंबेरो, कागेरा, इथिओपियात वोंजी, मेटेहारा, फिंचा, सुदानात केनाना असे कारखाने उभे राहिले. त्यातल्या कित्येक ठिकाणी पॅनवर आणि प्रयोगशाळेत भारतीय माणूस दिसतो, आणि त्या भारतीयांत महाराष्ट्रातले बरेच. पुण्याजवळ मांजरीला १९७५ साली सुरू झालेल्या, आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेतून शिकून निघालेल्यांनाही ही वाट ठाऊक आहे. आमच्या भागात असा माणूस आफ्रिकेला निघाला की पगाराची चर्चा गावभर होते. डॉलरमध्ये किती, घर कंपनीचं की भाड्याचं, वर्षातून विमानाची तिकिटं किती. त्याच्याबरोबर जाणाऱ्या मुलांचं काय होणार, हा विषय मात्र निघता निघत नाही. या लेखात तोच काढायचा आहे.

पहिला फरक पडतो तो हंगामाचा. आपल्याकडं दसऱ्याच्या सुमारास बॉयलर पेटतो, मोळी टाकली जाते, मार्च-एप्रिलपर्यंत गळीत चालतं आणि पट्टा पडला की कारखान्याच्या वसाहतीतला बाप मुलांच्या वाट्याला येतो. विषुववृत्ताजवळ थंडी नाही, ऊस वर्षभर वाढतो. पश्चिम केनियात पावसावरचा ऊस तोडणीला यायला दीड ते दोन वर्षं घेतो आणि गाळप, दुरुस्तीचे काही आठवडे सोडले तर, बाराही महिने चालू राहतं. म्हणजे बापाची पाळीही बारमाही. माळीनगरात उन्हाळ्यात बापाबरोबर मामाच्या गावाला जाणारं पोर तिथं वर्षभर आईच्याच भरवशावर वाढतं.

ही आई बहुतेकदा शिकलेली असते. बीएस्सी, डीएड, कधी इंजिनिअर. नवऱ्याच्या परवान्यावर कुटुंब म्हणून गेलेल्या बाईला तिथं नोकरी करायची तर वेगळा परवाना काढावा लागतो आणि तो सहज मिळत नाही. शिक्षिका होऊ शकली असती अशी बाई ऊसमळ्याच्या मधोमध असलेल्या कॉलनीत घर सांभाळते. जवळचं मोठं शहर दोन-तीन तासांवर. मराठी बोलायला शेजारी असली तर एखादी वहिनी. नैरोबीत महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती बसतो, दिवाळी होते. केनियात दिवाळीला हिंदूंसाठी अधिकृत सुटीही असते. पण कारखान्याच्या कॉलनीतून तिथवर पोचणं दर सणाला जमत नाही. परदेशी मुलं वाढवण्याच्या गप्पांत या बाईच्या एकटेपणाला जागा मिळत नाही, आणि मुलांचं मराठी, त्यांचा अभ्यास, त्यांची तब्येत सगळं तिच्याच खांद्यावर असतं.

तब्येतीचं सविस्तर सांगायला हवं, कारण इथं माहिती नसली तर जिवावर बेततं. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १७०० मीटर उंचीवर आहे, तिथं मलेरिया कमी. ऊस मात्र व्हिक्टोरिया सरोवराच्या आसपासच्या सखल, दमट पट्ट्यात आहे, आणि तिथला मलेरिया फाल्सिपेरम जातीचा, मेंदूवर जाणारा. लहान मुलाला ताप आला की पॅरासिटामॉल देऊन उद्याची वाट पाहायची नसते, त्याच दिवशी रक्त तपासायचं असतं. औषध भारलेली मच्छरदाणी रोज रात्री लावायची, पाहुणा आला तरी आणि वीज गेली तरी. सुटीला माळशिरसला आलेल्या मुलाला इथं ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगायचं की हे मूल आफ्रिकेतून आलं आहे. परतल्यावर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही हा ताप डोकं वर काढतो. मुलांसाठीची आर२१ ही मलेरियाची लस ऑक्सफर्ड विद्यापीठाने शोधली आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ती बनवते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३मध्ये तिची शिफारस केली आणि २०२४मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये ती मुलांना द्यायला सुरुवात झाली. लस आली म्हणून मच्छरदाणी सोडायची नाही.

बाकीच्या गोष्टी लहान वाटतात, पण तिथल्या रोजच्या जगण्यात मुरलेल्या आहेत. ओल्या कपड्यांवर एक माशी अंडी घालते, तिच्या अळ्या कातडीत शिरून फोड आणतात. म्हणून बाहेर वाळवलेले कपडे, मुलांची झबली-दुपटी आणि चादरीसुद्धा, दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री करूनच वापरायचे. अनवाणी खेळणाऱ्या पोराच्या पायात पिसवेसारखा एक कीटक घुसतो, म्हणून रोज संध्याकाळी पाय बघायचे. सरोवराच्या उथळ काठाला पोहू द्यायचं नाही, त्या पाण्यातल्या गोगलगायींमधून बिलहार्झिया होतो. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, ती सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांवरच मिळते आणि तिचं प्रमाणपत्र आता जन्मभर चालतं. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला ती एरवी देत नाहीत. पीतज्वराच्या देशातून प्रमाणपत्राशिवाय आलेल्या प्रवाशाला भारतात सहा दिवसांपर्यंत अलग ठेवता येतं. हे प्रमाणपत्र पासपोर्टाइतकंच जपून ठेवायचं.

खाण्यापिण्याची काळजी आज्यांना जास्त असते, आणि तीच सगळ्यात कमी करायला हवी. ज्वारी मुळातच आफ्रिकेची, सुदान-इथिओपियाच्या पट्ट्यात ती पहिल्यांदा पिकवली गेली. आपल्या सोलापूरची मालदांडी तिचीच पुढची पिढी. पूर्व आफ्रिकेच्या बाजारात ज्वारी मिळते, तूर मिळते, शेंगदाणे मिळतात, आणि माठाच्या जातीची पालेभाजी तर दारोदार. मोझांबिकची तूरडाळ भारत स्वतः विकत घेतो, त्यासाठी २०१६ साली दोन्ही देशांत करार झाला. तेव्हा भाकरी, पातळ आमटी आणि शेंगाचटणी काकिरात किंवा केनियातल्या किसुमूत रोज करता येते. मुलं मक्याचा उगाली आणि हिरवी केळी शिजवून केलेला मटोकेही आवडीने खातात. खाऊ द्यावेत. घरातल्या कामवाल्या बाईच्या हातचं जेवणारं मूल त्या देशात लवकर रुजतं.

कामवाल्या बाईचा विषय निघाला म्हणून थोडं थांबून बोलतो. कॉलनीत बंगला असतो, फाटकावर पहारेकरी, घरात स्वयंपाकाला आणि मुलं सांभाळायला माणूस. आपल्या वसाहतीत दोन खोल्यांत राहिलेल्या माणसाला हे एकदम मिळतं. मुलाच्या पाहण्यात येणारी काळी माणसं मग फक्त नोकरच असतात. सहा वर्षांचं पोर मोठ्या माणसाला नावाने हाक मारून पाणी मागायला शिकतं. माळशिरसला ते असं वागलं असतं तर आजीने कान धरला असता. टांझानियात लहान मुलं वडीलधाऱ्यांना ‘शिकामो’ म्हणून आदराने वंदन करतात. आपल्या पोरांनीही ते घरातल्या मावशीला आणि फाटकावरच्या काकांना म्हणावं, यात आईबापांनी सवलत देऊ नये. ही सवय लहानपणी गेली तर पुढं लावता येत नाही.

याबाबतीत आपल्या शेजारच्याच एका घराण्याचं उदाहरण आहे. माळशिरसशेजारचं आटपाडी औंध संस्थानाचा भाग होतं. त्या औंधचे राजपुत्र अप्पासाहेब पंत १९४८ साली पूर्व आफ्रिकेतले स्वतंत्र भारताचे पहिले आयुक्त म्हणून नैरोबीला गेले. पत्नी नलिनीदेवी शल्यविशारद डॉक्टर होत्या. त्या काळातल्या नैरोबीत गोऱ्यांची वस्ती वेगळी, आशियाईंची वेगळी, आफ्रिकनांची वेगळी, आणि मुलांच्या शाळाही तशाच वेगवेगळ्या. पंतांनी आपल्या घराचं दार सगळ्यांना उघडं ठेवलं, जोमो केन्याटांसारख्या नेत्यांशी मैत्री केली, आफ्रिकन विद्यार्थ्यांना भारतात शिकायला पाठवण्याच्या कामात लक्ष घातलं. इंग्रज सरकारला ते खुपलं आणि १९५४मध्ये त्यांना तिथून निघावं लागलं. पण तिथल्या माणसांत त्यांनी मिळवलेला मान कुणाला काढून घेता आला नाही. आजचा कंत्राटी नोकरदार राजदूत नसतो, तरी पंतांनी केलं ते त्याला करता येतं. शाळेतल्या आफ्रिकन मित्राला मुलाच्या वाढदिवसाला घरी बोलवायचं आणि त्याच्या घरी मुलाला पाठवायचं.

आशियाई आणि आफ्रिकनांमधल्या या अंतराला एक इतिहासही आहे. ऑगस्ट १९७२मध्ये हुकूमशहा इदी अमीनने युगांडातल्या आशियाईंना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. तिथंच जन्मलेली, तिथलीच भाषा बोलणारी मुलं एका सुटकेसमध्ये संसार घेऊन बाहेर पडली. काकिरा माधवानींच्या हातून गेलं आणि १९८५नंतर त्यांनी परत येऊन ते पुन्हा उभं केलं. केनियात तर २०१७ साली आशियाई वंशाच्या लोकांना देशातली चव्वेचाळिसावी जमात म्हणून मान्यता मिळाली. काळ बदलला आहे हे खरं. पण परवान्यावर गेलेल्या कुटुंबाची मुळं तिथं रुजतात की फक्त कॉलनीत राहतात, हे मुलांच्या मैत्रीवरूनच ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

भाषेचं काय होतं, हे मॉरिशसमध्ये पाहावं. १८३४पासून मजूर म्हणून तिथं नेलेल्यांत रत्नागिरी, सातारा भागातली मराठी कुटुंबं होती, तीही उसासाठीच. आज त्यांच्या घरात क्रिओल बोलली जाते. तरी मराठी पूर्ण पुसली गेली नाही, कारण ती प्राथमिक शाळांत शिकवली जाते, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत तिचं वरचं शिक्षण होतं, आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुटी असते. केनिया-युगांडातल्या कॉलनीतल्या मुलाला असा आधार नाही. त्याच्या शाळेत इंग्रजी, मैदानात स्वाहिली किंवा लुगांडा, शेजारी हिंदी-गुजराती. मराठी उरते ती फक्त आईच्या तोंडी. ऐकून समजतं पण लिहिता-वाचता येत नाही, अशी मुलं आमच्या भागात सुटीला येतात आणि दुकानाच्या पाट्या वाचताना अडखळतात. यावर उपाय महागडा नाही. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. रोज अर्धा तास आईने किंवा बापाने ती वाचून घ्यावीत. पूर्व आफ्रिकेची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, तेव्हा मूल शाळेतून घरी येतं त्या सुमारास इकडं आजीची दिवेलागण असते. त्या वेळी आजीला व्हिडिओवर एक पान वाचून दाखवलं तर शिकवणीपेक्षा जास्त काम होतं.

आता सगळ्यात अवघड प्रश्न, परत कधी यायचं याचा. महाराष्ट्राच्या कोट्यातून एमबीबीएसला प्रवेश हवा असेल तर रहिवासी दाखल्याबरोबर दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा साधारणपणे महाराष्ट्रातूनच झालेल्या असाव्या लागतात. केंब्रिजची दहावी करून आलेल्या हुशार मुलाला इथं हा दरवाजा बंद सापडतो. म्हणून बरीच घरं मूल आठवीत गेलं की फुटतात. आई मुलांना घेऊन अकलूज नाहीतर पुण्याला येते, बाप तिकडं एकटा राहतो. त्यात केनियातल्या सरकारी शाळांचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि आपलं जूनमध्ये. मधले महिने वाया जातात आणि मराठी-हिंदीचे पेपर समोर उभे राहतात. तिकडं जन्मलेल्या बाळाचा प्रश्न आणखी वेगळा. ३ डिसेंबर २००४नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात करावी लागते, नाहीतर नागरिकत्वासाठी दिल्लीपर्यंत अर्ज करावे लागतात. दूतावास राजधानीत, कारखाना दूर ग्रामीण भागात, आणि नव्या आईबापांना हा नियम कुणी सांगितलेला नसतो.

म्हणून करारावर सही करण्याआधी मुलाची इयत्ता पाहा. मूल पाचवीच्या आत असेल तर निर्धास्त घेऊन जा. तीन भाषा शिकेल, मोकळ्या रानात वाढेल, आणि जग फक्त आपल्या गावाएवढं नाही हे त्याला कळेल. सातवी-आठवीच्या पुढचं असेल तर त्याला दहावी-बारावी कुठं करायची हे आधी ठरवा आणि त्या निर्णयात बायकोला बरोबरीने बसवा. कंपनीशी बोलताना पगाराबरोबर शाळेची फी, बसची सोय, जवळच्या दवाखान्याचं अंतर आणि वर्षातून एकदा संपूर्ण कुटुंबाची तिकिटं लेखी मागा. आणि तंत्रज्ञांना शिकवणाऱ्या आपल्या संस्थांनी परदेशी निघालेल्यांच्या कुटुंबांसाठीही एक दिवस काढावा, तिथं राहून परतलेल्या बायकांना बोलायला बोलवावं. लस, ताप, नोंदणी आणि शाळा यांबद्दल त्यांना जेवढं माहीत आहे, तेवढं कुठल्याच कंपनीच्या कागदात लिहिलेलं नसतं.