नाव एक, माणसे अनेक : व्यापारी-कारागिरांनी आपली नोंद कशी सांभाळावी?

जालना या नावाबद्दल गॅझेटिअरमध्ये एक आख्यायिका नोंदलेली आहे. गावाचे जुने नाव जनकपूर. पुढे येथे एक धनवान मुसलमान व्यापारी झाला. तो धंद्याने जुलाहा, म्हणजे विणकर होता. त्याने गावावर पुष्कळ उपकार केले आणि त्याच्या इच्छेवरून गावाला जालना हे नाव पडले. आख्यायिका खरी की खोटी, ते इतिहासकार ठरवतील. आम्हा कापडवाल्यांना त्यातली एकच गोष्ट विचार करायला लावते. त्या माणसाचा धंदा गावाच्या नावात राहिला, पण त्याचे स्वतःचे नाव आज कोणालाही सांगता येत नाही.

आज आपली अडचण निराळी आहे. आपले नाव नोंदलेले असते, पण तेच नाव आणखी पन्नास जणांचेही असते. शेख रफीक, सय्यद सलीम, पठाण अय्युब, मोहम्मद युसूफ ही नावे भोकरदनपासून परतूरपर्यंत कोणत्याही मोहल्ल्यात पुकारा, दोन-चार माणसे तरी मागे वळून पाहतील. सुरतेहून किंवा इचलकरंजीहून निघालेल्या गाठीच्या बिल्टीवर फक्त "शेख रफीक, जालना" असे लिहिलेले असेल, तर ट्रान्सपोर्टवाल्याने ती कोणाच्या दुकानी टाकायची? गाठ तरी दोन दिवसांनी परत मिळते. कर्जाची, कराची किंवा मालकीहक्काची नोंद दुसऱ्याच्या खात्यात गेली, तर तिचा पत्ता लागायला वर्षे जातात.

जुन्यांची पद्धत

हा प्रश्न नवा नाही आणि आपल्या बुजुर्गांनी तो नीट सोडवलेला होता. हदीसच्या आलिमांपुढे हाच पेच होता. रिवायत करणारा माणूस विश्वासू आहे की नाही हे ठरवायचे, तर तो नेमका कोण हे आधी ठरवावे लागते. खलील बिन अहमद या एकाच नावाचे सहा जण त्यांनी वेगळे करून दाखवले. बगदादचे खतीब अल-बगदादी (मृत्यू इ. स. १०७१) यांनी तर सारख्या नावांच्या माणसांवरच एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांची रीत साधी होती. नावाबरोबर बापाचे नाव, कुनियत, गाव, धंदा, उस्ताद आणि काळ पाहायचा. नाव जुळले म्हणून माणूस जुळला असे ते मानत नसत.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळच्या उर्दू दफ्तरात माणूस "शेख रफीक वल्द शेख युसूफ" असा लिहिला जाई. "वल्द" हा एक शब्द अर्धे काम करत असे. पुढे छापील फॉर्म आले आणि त्यांत आडनाव, नाव, वडिलांचे नाव असे तीन रकाने आले. आपल्याकडे शेख, सय्यद, खान हे शब्द बहुधा नावाच्या आधी लागतात. मग फॉर्म भरणाऱ्याने कधी "शेख" आडनावात टाकले, कधी "युसूफ". एकाच माणसाचे शाळेच्या दाखल्यावर एक नाव, मतदार यादीत दुसरे आणि बँकेत तिसरे झाले.

त्यात इंग्रजी स्पेलिंगची भर पडली. शेख हा शब्द कोणी "एस-एच-ए-आय-के-एच" लिहितो, कोणी "एस-एच-ई-आय-के-एच". मोहम्मद कुठे पूर्ण असतो, कुठे नुसता "एम-डी". त्यामुळे दोन उलटी संकटे एकदमच येतात. एक माणूस कागदावर तीन माणसे होतो आणि तीन माणसे कागदावर एक होतात. फक्त आपल्याच समाजाची ही गोष्ट नाही. मुंबईचे संशोधक शंकर आबाजी भिसे यांच्या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगला शेवटी "वाय" लागत असे. सरळ मराठी उच्चाराप्रमाणे शोधणाऱ्याला त्यांची पेटंटे सापडायची नाहीत.

पॅनचे पाचवे अक्षर

आज सरकारच्या लेखी माणूस नावाने कमी आणि नंबराने जास्त ओळखला जातो. म्हणून नंबर वाचायला शिकले पाहिजे. पॅन दहा अक्षर-अंकांचा असतो. चौथे अक्षर "पी" म्हणजे व्यक्ती. पाचवे अक्षर आपल्या आडनावाचे पहिले अक्षर असते. कार्ड काढून पाहा. "एस" असेल तर आयकर खात्याने शेख हे आडनाव धरले आहे. "वाय" असेल तर वडिलांचे नाव युसूफ हेच आडनाव समजले गेले आहे. कोणते बरोबर ते तुम्ही ठरवा, पण एकदा ठरवले की आधार, बँक आणि जीएसटी सगळीकडे तेच ठेवा.

जीएसटीचा नंबर पंधरा अक्षर-अंकांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७, आणि पुढची दहा अक्षरे म्हणजे मालकाचा पॅन. म्हणून बिलावर समोरच्या व्यापाऱ्याचे नुसते नाव न पाहता हा नंबर पाहावा. दोन "रफीक क्लॉथ" असतील, पण दोघांचा नंबर एक नसतो. छोट्या कारखानदाराने व कारागिराने १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी करून घ्यावी. हस्तकलेच्या कारागिराने केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांचे "पहचान" ओळखपत्र घ्यावे. उस्तादाचे नाव घेतले की काम मिळते हे खरे, पण बँकेच्या मॅनेजरला उस्ताद माहीत नसतो.

दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर

आमच्या पाहण्यातली गोष्ट आहे. एका किरकोळ दुकानदाराने कर्जाचा अर्ज केला, तो नामंजूर झाला. कारण विचारता कळले की त्याच्या क्रेडिट अहवालात एक थकलेले वाहन कर्ज आहे. या भल्या माणसाने आयुष्यात सायकलशिवाय काही घेतलेले नव्हते. कर्ज दुसऱ्या गावच्या त्याच नावाच्या माणसाचे निघाले. सणाचा माल भरायचे दिवस मात्र हातचे गेले.

यावर इलाज आहे. देशात चार क्रेडिट माहिती कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो मागवून एकेक खाते तपासावे. परके खाते दिसले तर लेखी तक्रार करावी. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे एप्रिल २०२४ पासून, त्यापुढच्या प्रत्येक दिवसासाठी तक्रारदाराला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. कर्जाची गरज पडेल तेव्हा पाहू, असे म्हणू नये. गरज पडते तेव्हा ३० दिवस हातात नसतात.

दुकानाची पाटी कोणाची?

आता धंद्याच्या नावाकडे येऊ. ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम ३५ प्रमाणे, कोणीही आपले स्वतःचे नाव प्रामाणिकपणे आपल्या धंद्याला वापरत असेल तर नोंदणीवाला त्याला अडवू शकत नाही. "प्रामाणिकपणे" या शब्दावर सारे अवलंबून आहे. शेजारच्या नामांकित दुकानाचे गिऱ्हाईक ओढण्यासाठी तशीच पाटी, तसाच रंग आणि तशीच पिशवी केली, तर "माझे नावच हे आहे" ही सबब कोर्टात टिकणे अवघड असते.

महिंद्र कंपनीचा खटला यासाठी लक्षात ठेवावा. ही कंपनी १९४५ मध्ये "महिंद्र अँड मोहम्मद" या नावाने सुरू झाली. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. पुढे "महेंद्र अँड महेंद्र" नावाची एक कागद गिरणी निघाली. मालकाचे नावच महेंद्र आहे, असे तिचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने तिला हे नाव वापरण्यास मनाई केली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई कायम ठेवली. नाव अनेकांचे असू शकते, पण वर्षानुवर्षांच्या धंद्याने एका घराची ओळख बनलेले नाव दुसऱ्याला तसेच उचलता येत नाही.

म्हणून पाटीवर नुसते "शेख" किंवा "रफीक" लिहू नये. त्याला वेगळा शब्द, चिन्ह किंवा गाव जोडावे आणि ते नोंदवावे. कापडासाठी वर्ग २४ आणि तयार कपड्यांसाठी वर्ग २५ आहे. व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला एका वर्गासाठी ऑनलाइन फी ४,५०० रुपये आहे. नोंदणी दहा वर्षे टिकते आणि पुन्हा वाढवता येते. नोंदणी नसली तरी जुन्या वापराचा हक्क कायदा मानतो, पण तो सिद्ध करावा लागतो. वडिलांच्या काळची बिले, वह्या आणि जाहिराती रद्दीत घालू नका.

नक्षी आणि शोध

आपल्या कारागिरांनी सर्वांत जास्त दुर्लक्ष इथे केले आहे. नवी नक्षी किंवा कापडावरची नवी छपाई डिझाइन कायदा २००० प्रमाणे नोंदवता येते. संरक्षण दहा वर्षांचे असते आणि आणखी पाच वर्षे मिळू शकते. अट एकच : माल बाजारात आणण्याआधी अर्ज झाला पाहिजे. आधी विकले आणि मग नोंदवायला गेले, तर हक्क जातो.

मागाला किंवा शिलाई मशीनला जोडायचे नवे यंत्र केले असेल, तर पेटंटचा मार्ग आहे. मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे. काम अर्धवट असेल तर तात्पुरता तपशील देऊन तारीख पकडता येते. मग बारा महिन्यांत पूर्ण तपशील द्यावा लागतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या कसबाला मात्र पेटंट मिळत नाही. अर्जात शोध लावणाऱ्याचे नाव, राष्ट्रीयत्व आणि पत्ता लिहायचा असतो. तिथे पॅन-आधारवरचेच पूर्ण नाव, त्याच स्पेलिंगने लिहावे. उद्या त्याच नावाचा दुसरा कोणी उभा राहिला तर पत्ताच साक्ष देईल. हक्क विकायचा झाला तर तोंडी सौदा चालत नाही. कायद्याला तो लेखी लागतो.

शोध लावणाऱ्याचे नाव का लिहावे, ते काझी अझीझुल हक यांच्या गोष्टीवरून कळते. बंगाल पोलिसांतल्या या अधिकाऱ्याने हेमचंद्र बोस यांच्यासह बोटांच्या ठशांचे वर्गीकरण बसवले. १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांचे कार्यालय निघाले. सारख्या नावाची माणसे वेगळी ओळखण्याचे एवढे पक्के साधन जगाला मिळाले, पण त्या पद्धतीला नाव पडले वरिष्ठ साहेबांचे, "हेन्री पद्धत".

आता काय करावे?

पहिले, घरातल्या सर्वांची कागदपत्रे एका जागी मांडून नावे ताडून पाहा. दुसरे, एकच पूर्ण नाव आणि एकच स्पेलिंग ठरवा. वडिलांचे नाव गाळू नका. तिसरे, फरक दुरुस्त करून घ्या. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून घाई नको. नावात मोठा बदल असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात तो प्रसिद्ध करून घ्यावा. चौथे, बिल, बिल्टी आणि चेकच्या नोंदीवर नावासोबत नंबर लिहा.

मुलांच्या बाबतीत तर आताच सावध राहावे. १ मे २०१४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्र शासनाने मुलाच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम २०२४ पासून ठरवला आहे. एका मोहल्ल्यात शेख रफीक युसूफ दोन निघतील. आईचेही नाव तेच असलेला दुसरा क्वचितच सापडेल. शाळेत नाव घालण्याच्या दिवशी पंधरा मिनिटे काढून फॉर्म स्वतः वाचावा. मोठा झाल्यावर तो डॉक्टर होवो, वकील होवो की आपल्याच गादीवर बसो, त्याचे काम त्याच्याच नावावर जमा झाले पाहिजे.