पॉलिशिंग पॅड धुवायला महागडा क्लीनर कशाला? भांड्यांचं लिक्विड पुरतं, पण एक अट आहे

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये चक्कर मारली, तर एखादा तरी गडी पॉलिशिंग मशीन घेऊन गाडीच्या बोनेटवर भिडलेला दिसतो. यूट्यूबवर चार व्हिडिओ बघून झालेले असतात, मशीन ऑनलाइन मागवलेलं असतं. दोन तास घाम गाळल्यावर सावलीत गाडी आरशासारखी दिसते. मग सोमवारी ऑफिसला जाताना ऊन पडतं आणि बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसायला लागतात. गाडी काळी असेल तर विचारूच नका.

मग शिव्या पडतात पॉलिशच्या बाटलीला, नाहीतर मशीनला. गाडी धुताना मळकं फडकं फिरवलं तरी असे ओरखडे येतात, हे खरं. पण पॉलिशनंतर नवे ओरखडे दिसले, तर पहिला संशय मागच्या वेळी वापरून तसाच डिकीत टाकलेल्या पॅडवर घ्यावा.

पॅडमध्ये नेमकं अडकतं काय?

पॉलिश किंवा कंपाउंड म्हणजे पाणी, तेल आणि अगदी बारीक खरखरीत कण यांचं मिश्रण. हे कण बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे असतात. हा पदार्थ इतका कठीण, की सँडपेपरवरही तोच वापरतात. पॉलिश करताना हे कण रंगावरचा वरचा थर किंचित घासून काढतात, म्हणून चमक येते. घासून निघालेला तो थर, वापरून झालेले कण आणि तेल हे सगळं पॅडच्या छिद्रांत जाऊन बसतं. वाळलं की त्याचे खडे होतात.

पुढच्या वेळी तोच पॅड मशीनवर चढतो तेव्हा हे खडे नव्या पॉलिशमध्ये मिसळून रंगावर फिरतात. शिवाय छिद्रं बुजलेला पॅड जास्त तापतो. पॅड तापला की रंग तर तापतोच, पण पॅडच्या पाठीमागची वेल्क्रो ज्या ग्लूने चिकटवलेली असते तोही सैल पडतो. फिरत्या मशीनवरून पॅड निसटला तर मशीनची कडक प्लेट थेट पत्र्यावर येते.

आता हे एवढं गंभीरपणे का घ्यायचं? तर आजच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक क्लिअर कोटचा थर असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी. ओरखडे काढायचे म्हणजे हाच थर आणखी घासायचा. तो परत उगवत नाही. दरवाजाच्या आणि बोनेटच्या कडांवर तर तो आणखी पातळ असतो. तिथे रंग उडाला की पुढचा मुक्काम पेंटरकडे.

घरचा क्लीनर कसा करायचा?

एक लिटर कोमट पाणी आणि त्यात दोन छोटे चमचे भांडी घासायचं लिक्विड. झालं.

विकतचे पॅड क्लीनर वाईट नसतात. रोज दहा-बारा पॅड धुणाऱ्या डिटेलिंगवाल्याला ते परवडतात आणि त्याचा वेळही वाचतो. पण त्यांच्यातलं मुख्य काम करणारा घटक तोच आहे जो भांड्यांच्या लिक्विडमध्ये असतो, सरफॅक्टंट. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. कढईचा तेलकटपणा जसा सुटतो तसंच पॉलिशचं तेल सुटतं, आणि तेल सुटलं की त्यात अडकलेले कणही पाण्याबरोबर निघतात. गाडीच्या रंगावर हे लिक्विड नको म्हणतात, कारण ते रंगावरचं वॅक्सही काढून टाकतं. पॅडमधून मात्र आपल्याला वॅक्सच काढायचं असतं.

पॅड या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवावा. रात्रभर भिजत घालू नये, ग्लू खराब होतो. पाणी कोमटच हवं, उकळतं नको, कारण तेच. मग मऊ नायलॉनच्या ब्रशने किंवा नुसत्या बोटांनी चोळायचा. वॅक्सचा डाग हट्टी असेल तर त्या जागी लिक्विडचे दोन थेंब थेट टाकून दहा मिनिटं थांबायचं. फोमचा पॅड कपड्यासारखा पिळायचा नाही, दोन तळहातांत दाबायचा. पिळला की फोम फाटतो.

आणि आता ती अट. फेस पूर्ण जाईपर्यंत पॅड स्वच्छ पाण्यात खळबळून काढायचा. तीनदा, चारदा, लागलं तर सहादा. दाबल्यावर निघणारं पाणी नितळ असलं पाहिजे आणि एकही बुडबुडा दिसता कामा नये. बहुतेक लोक इथेच कंटाळतात. साबण आत राहिला तर पुढच्या वेळी पॉलिश नीट बसत नाही, रंगावर नुसतं घसरतं आणि चट्टे दिसतात. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या सोसायटीत शेवटचं पाणी आरओचं किंवा पावसाचं घेतलं तर उत्तम, म्हणजे वाळल्यावर क्षार आत राहत नाहीत.

काय अजिबात वापरू नये?

भांडी घासायची वडी नको. तिच्यात भांडी घासली जावीत म्हणून खनिजांची पूड घातलेली असते, आणि खरखरीत कण तर आपल्याला पॅडमधून बाहेर काढायचे आहेत. कपड्यांची पावडर नीट विरघळली नाही तर तिचेही कण आत राहतात. अंगाचा साबण जड पाण्यात चिकट साका धरतो. ब्लीचने फोम कुजतो. कपड्यांचं सॉफ्टनर मायक्रोफायबरवर थर सोडतं.

व्हॉट्सॲपवर फिरणारा लाडका नुस्खा म्हणजे व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा. फसफसतं मस्त, व्हिडिओही छान येतो. पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून टाकतात. उरतं ते थोडं मीठ विरघळलेलं पाणी. तेलाला ते काही करत नाही.

रॉकेल, पेट्रोल आणि थिनर हा मात्र हसण्यावारी नेण्याचा विषय नाही. काही गॅरेजमध्ये पॅड अजूनही असेच साफ करतात. तेल लगेच निघतं, पण फोम फुगतो आणि ग्लू सुटतो. त्याहून वाईट म्हणजे बऱ्याच पॉलिशिंग मशीनमध्ये ब्रशची मोटर असते आणि ती चालताना आत ठिणग्या उडतात. पेट्रोलचा वास मारणारा पॅड अशा मशीनवर लावणं म्हणजे आग लागायची वाट बघणं.

वाळवताना

पॅड स्वच्छ कपड्यावर फोमची बाजू खाली आणि वेल्क्रो वर करून ठेवावा. पाणी खाली निथळतं आणि ग्लूपाशी साठत नाही. जागा सावलीची हवी, उन्हाने फोम ठिसूळ होतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, पंख्याखाली एक-दोन दिवस सहज लागतात. ओलसर पॅड पिशवीत बांधला तर बुरशी धरते. पूर्ण वाळल्यावर झिपच्या पिशवीत ठेवावा आणि पिशवीवर मार्करने लिहावं: कंपाउंडचा, पॉलिशचा की वॅक्सचा. कंपाउंडचा पॅड कितीही धुतला तरी शेवटच्या हाताला वापरू नये.

काम चालू असतानाही प्रत्येक दरवाजा किंवा पंखा झाला की मशीन बंद करून पॅडवर कोरडा ब्रश फिरवला, तर शेवटची धुलाई निम्म्याने सोपी होते. एकच ओला पॅड घाईत पुन्हा लावण्यापेक्षा दोन-तीन जास्तीचे पॅड घेतलेले बरे.

फोम दाबल्यावर परत वर येत नसेल, कडा फाटल्या असतील किंवा वेल्क्रो सुटायला लागली असेल, तर तो पॅड टाकून द्यावा. पार्किंगच्या फरशीवर पालथा पडलेला पॅडही गाडीच्या रंगावर परत नेऊ नये. वाळूचा एखादा कण आत खोल रुतून बसला तर तो सहा वेळा खळबळूनही निघेलच असं नाही, आणि अशा पॅडसाठी बाइकचा सायलेन्सर आहेच.