आधी टब उघडा

कपडे धुऊन होईपर्यंत मशीन गप्प असतं. शेवटचं पिळणं लागलं की मात्र खरखर सुरू होते, वेग वाढेल तशी तिची घरघर होते आणि शेजारच्या खोलीत फोनवर बोलणंही अवघड होऊन बसतं. दुकानात फोन केला तर पहिला प्रश्न येतो, “मशीन किती वर्षांचं?” दहाच्या पुढचा आकडा ऐकला की उत्तर तयारच असतं: आता नवीनच घ्या, जुन्यावर एक्स्चेंज देतो. कोथरूडमधल्या एका घरात अकरा वर्षांच्या फ्रंट लोड मशीनबद्दल हे सगळं सांगून झालं होतं. मग कुणाच्या तरी ओळखीनं एक जुना मेकॅनिक आला. त्यानं वय विचारलंच नाही.

त्यानं प्लग काढला, दार उघडलं, आत हात घालून ड्रमची वरची कड धरली आणि वर उचलून पाहिली. ड्रम हलला, भोवतीचा प्लास्टिकचा टब जागच्या जागी राहिला. मग रिकामा ड्रम सावकाश फिरवत तो कान देऊन ऐकत बसला. “काकू, बेअरिंग गेलंय. मोटार चांगली आहे.” मागचा पत्रा काढला तर पुलीच्या खाली, टबावर, तांबूस ओघळ वाळलेला दिसला.

त्या ओघळात सगळा इतिहास होता. फ्रंट लोडमध्ये ड्रमचा भार मागच्या एकाच शाफ्टवर असतो. त्याला धरायला एकामागे एक दोन बेअरिंग, आणि टबातलं पाणी त्यांच्यापर्यंत पोचू नये म्हणून आतल्या अंगाला रबरी ऑइल सील. सील झिजलं की साबणाचं पाणी थेंबाथेंबानं बेअरिंगमध्ये उतरतं, ग्रीस धुऊन नेतं आणि गोळ्यांना गंज चढतो. आवाज ऐकू येतो तेव्हा हे सारं होऊन गेलेलं असतं. म्हणूनच बेअरिंग नवं आणि सील जुनंच असं काम कुणी करून देत असेल, तर ते करून घेऊ नये.

या भागांवर किती जोर येतो याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. मिनिटाला १२०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला २०. ड्रमची त्रिज्या २४ सेंटिमीटर धरली, तर त्या वेगाला कडेवरचं १०० ग्रॅम वजनही जवळपास ३८ किलोच्या जोरानं बाहेर खेचतं. एकच जाड पायपुसणं टाकून स्पिन लावलं की ते एका बाजूला गोळा होतं आणि मशीन हिसके का देतं, ते यावरून कळेल. तो प्रत्येक हिसका बेअरिंग आणि टबाखालचे धक्के झेलणारे शॉकअप सोसत असतात.

काम सुरू करण्याआधी मेकॅनिकनं एक गोष्ट मात्र तपासली. टबाचे दोन अर्धे भाग जिथे मिळतात त्या सांध्यावर त्यानं टॉर्च फिरवला आणि स्क्रू शोधले. स्क्रू होते. पुष्कळ नव्या मॉडेलांत हे दोन भाग कारखान्यातच वितळवून एकजीव केलेले असतात. तसा टब उघडत नाही. काही शे रुपयांच्या बेअरिंगसाठी आख्खा टब-ड्रम संच बदलावा लागतो आणि तिथेच दुरुस्तीचं गणित फिसकटतं. मशीनचं आयुष्य ठरवणारी याहून मोठी गोष्ट नाही, आणि दुकानात ती कुणीही आपणहून सांगत नाही.

पुढचा सगळा खेळ पाने, पक्कड आणि धीर यांचा. वरचं झाकण निघालं, साबणाचा खण निघाला, दाराच्या रबराभोवतीची तार सुटली. धक्के आवरण्यासाठी टबाला बांधलेले सिमेंटचे ठोकळे उतरले. बेल्ट, मोटार, हीटरच्या वायरी, शॉकअपच्या खुंट्या. वायरी काढायच्या आधी त्यानं मोबाइलवर फोटो काढून ठेवले. मग दोघांनी मिळून टब बाहेर उचलला. शाफ्टवर हातोडा मारण्याआधी त्यानं पुलीचा बोल्ट पुन्हा अर्धा आत बसवला, म्हणजे घाव बोल्टवर पडतो आणि शाफ्टचे आटे वाचतात.

ड्रम निघाला आणि मागची बाजू उजेडात आली. ड्रम स्टेनलेस स्टीलचा. पण त्याला शाफ्टशी जोडणारा तीन पायांचा स्पायडर ॲल्युमिनियमच्या ओतकामाचा. त्यावर साबण, सॉफ्टनर आणि तंतूंचा राखाडी थर साचला होता. डिटर्जंट अल्कधर्मी असतं आणि ॲल्युमिनियमला ते मानवत नाही. शेजारी स्टील आणि मध्ये ओल असली की झीज आणखी वाढते. पायांचा पांढरा भुगा होऊन एखाद्या दिवशी स्पायडर मोडतो. इथे थर खरवडल्यावर खाली धातू शाबूत निघाला. मग त्यानं सील बसतं त्या पितळी बुशवरून नख फिरवलं. तिथे खाच पडली असती तर नवं सीलही गळलं असतं. नख कुठे अडलं नाही.

जुनी बेअरिंग ठोकून बाहेर काढली, त्यांच्यावरचे नंबर वाचले आणि त्याच नंबरांची नवी घातली. सीलच्या ओठाला ग्रीस, जोडणी, आणि खाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद पसरून रिकामी फेरी. कागद कोरडा राहिला, आवाज गेला. नवं फ्रंट लोड साधारण २५ ते ४० हजारांना पडतं. इथे खर्च झाला तो मुख्यतः मजुरीचा, आणि अशा कामाची मजुरी घासाघीस न करता द्यावी.

जुनी सेमी-ऑटोमॅटिक मशीनं याहून सोपी. मोटार गुणगुणते पण फिरत नाही, हातानं ढकलल्यावर चालू पडते, तर बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. तेव्हाच्या औरंगाबादजवळ चितेगावला कारखाना असलेल्या व्हिडिओकॉननं महाराष्ट्रातल्या कितीतरी मध्यमवर्गीय घरांत पहिलं वॉशिंग मशीन पोचवलं. ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तरी अशा मशीनचे टायमर, बेल्ट, गिअरबॉक्स पुण्यात तपकीर गल्लीसारख्या बाजारांत शोधता येतात, कारण हे भाग एका कंपनीचे नसतात. पल्सेटर, म्हणजे कपडे घुसळणारी तळाची चकती, बसते त्या दांड्याचे दाते मोजायचे आणि तेवढ्या दात्यांचा गिअरबॉक्स मागायचा. इलेक्ट्रॉनिक बोर्डाला ही सोय नाही. तो त्या त्या मॉडेलचाच लागतो.

युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनसाठी नियम आहे की मॉडेलचं शेवटचं यंत्र बाजारात आल्यापासून किमान १० वर्षं सुटे भाग मिळालेच पाहिजेत. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागानं २४ डिसेंबर २०२२ ला ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. माहिती एका जागी मिळणं चांगलंच, पण असं बंधन पोर्टलनं येत नाही. ते कायद्यानंच यायला हवं.

अर्थात प्रत्येक मशीन वाचवण्याजोगं नसतं. स्पायडर मोडला आहे आणि टबही उघडत नाही, बोर्ड आणि बेअरिंग एकदमच गेलंय, किंवा कोकणातल्या खाऱ्या हवेनं खालचा पत्रा इतका खाल्लाय की शॉकअपचा पायाच उरला नाही, तर पैसे घालू नयेत. ड्रेन पंप, इनलेट व्हॉल्व्ह, बेल्ट, शॉकअप यांपैकी एखादंच बिघडलं असेल तर मात्र दुरुस्तीच करावी, वय काहीही असो. मशीन टाकायचंच ठरलं तर ते अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांत वॉशिंग मशीन येतं. आणि नवं घेताना किलो आणि प्रोग्रॅम विचारून झाले की आणखी दोन गोष्टी विचारा: टब स्क्रूचा आहे की एकजीव, आणि बोर्ड किती वर्षं मिळेल. दुसऱ्याचं उत्तर लेखी मागून घ्या.